दोष डोंगराचा नव्हता

जळगावच्या एका स्टुडिओत तो निगेटिव्हवर पेन्सिल चालवायला बसे. लग्नाच्या मुलींच्या चेहऱ्यांवरचे देवीचे व्रण घालवण्यात त्याची वीस वर्षं गेली होती. मी हौसेनं सातपुड्याचे फोटो काढायचो आणि त्यालाच दाखवायचो. नाव मात्र कधी विचारलं नाही.

तो फोटोची खालची बाजू तळहातानं झाकी. "इतका रस्ता कापा, भाऊ. नजर रस्त्यातच रेंगाळते, डोंगरापर्यंत जातच नाही." त्याचं ऐकलं, की डोंगर खरोखरच पुढे येई.

एकदा यावलकडचा फोटो पाहून म्हणाला, "डोंगर भलता काळा शे." मी उजळ प्रत काढून आणली. तरी म्हणाला, "काळाच शे." तिसऱ्या खेपेला सातपुडा आभाळात जवळजवळ विरून गेला होता. ती प्रत त्यानं दारातल्या उन्हात नेली, अगदी नाकाशी धरली. डोळे चोळून पुन्हा पाहिली.

"हाऊ फोटो उजळ शे ना, भाऊ?"

"हो," मी म्हणालो.

"मंग दोष डोंगरना नही." प्रत माझ्या हाती देत तो हळूच म्हणाला, "शेठले सांगू नका."

मी सांगितलं नाही. तो जागेवर जाऊन बसला आणि कुणाच्या तरी मुलीच्या चेहऱ्यावर अंदाजानं पेन्सिल फिरवू लागला.