चार किल्ल्या आणि नंबराची गाडी

मागावर दिवसभर सुताची लव उडत असते. सकाळी झाडून काढली तरी संध्याकाळी मागाखाली तिचा गालिचा पुन्हा पसरलेलाच! आमच्या भाषांतर कार्यालयातील किश्श्यांचे तसेच आहे, मंडळी. कोणी मुद्दाम गोळा करीत नाही. काम चालू राहते आणि ते आपोआप साचत जातात. त्यातले थोडे आज तुमच्यापुढे झाडतो.

कार्यालय सोलापूरच्या नवी पेठेत, एका चादरीच्या दुकानाच्या माडीवर. मालक बिराजदार साहेब. संगणकाचा सर्व कारभार शब्बीरकडे. मराठी मजकुराच्या शुद्धतेची जबाबदारी माझी. महाविद्यालयाची पायरी मी चढलेलो नाही, तथापि माझ्या हाताखालून अशुद्ध ओळ सहसा सुटत नाही. चौथ्या विजयालक्ष्मीबाई. त्यांच्या घरी तेलुगू बोलतात, यजमानांचे माग बंद पडलेले, आणि नोकरी तात्पुरती. साहेबांनी त्यांना एकच सांगितले होते: "तेलुगूचं पहिलं काम वेळेत गेलं, तर तेलुगू विभाग सुरू, आन् तुमी कायम. न्हाय गेलं, तर मला बी झेपायचं न्हाय." ते वाक्य बाई कामाला येताना रोज बरोबर घेऊन येत.

पहिला कच्चा मसुदा एआय करते. शब्बीर पडद्यावरच्या काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करतो आणि मजकूर उतरू लागतो. त्यासाठी सेवा देणारी कंपनी एक लांबलचक अक्षरांची गुप्त किल्ली देते. प्रत्येक किल्लीला रोजच्या कामाची मर्यादा असते. एकीची मर्यादा संपली की दुसरी लावायची आणि अधूनमधून जुनी रद्द करून नवी घ्यायची. साहेबांनी अशा चार किल्ल्या घेतल्या होत्या.

शब्बीर पूर्वी वडापच्या, म्हणजे गावोगाव माणसे भरून नेणाऱ्या, जीपवर होता. त्याने क्षणात ओळखले, "साहेब, हे तर नंबराचं काम! पुढची जीप भरली की ती गेली, मागची पुढं. मधीच कुणी घुसायचं न्हाय."

आणि त्याने किल्ल्यांना नावेही जीप जाणाऱ्या गावांचीच दिली: मंगळवेढा, नातेपुते, करकंब, अक्कलकोट!

* * *

ऊसतोडणी यंत्राचे माहितीपत्रक घेऊन एक सद्गृहस्थ आले होते. खुर्चीत बसून चहाचा पहिला घोट घेतात न घेतात, तोच आतून शब्बीर ओरडला, "नातेपुते बंद पडलं! करकंब सोडा!"

गृहस्थांच्या हातातला कप बशीत आपटला. "बंद? कवापासनं?"

"आत्ताच की. सकाळपासनं लई लोड होता."

"आवं, मी नातेपुत्याचाच हाय! सकाळी निघालो तवा काय बी नव्हतं. कुणी बंद केलं?"

"कंपनीनं," शब्बीर आतूनच म्हणाला. "उद्या आपोआप चालू व्हतंय."

गृहस्थ पिशवी उचलून उभे राहिले. मी त्यांना खाली बसवून सविस्तर खुलासा केला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला, उरलेला चहा संपवला आणि तरीही घरी फोन लावला.

"सगळं चालू हाय न्हवं?" पलीकडून होकार आला असावा. त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि मला म्हणाले, "तुमच्या कंपनीला म्हनावं, आमचं गाव सोडून दुसरं कुठलं बी बंद करा!"

* * *

एकदा साहेबांनी मंगळवेढा नावाची किल्ली शब्बीरला पाठवायची म्हणून चुकून इमारतीतील व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकली. ती अक्षरांची माळ कोणालाच वाचता येईना. परंतु आपल्याकडे गटावर काही आले की उत्तर देणे हा शिष्टाचार आहे!

पहिले उत्तर आले, "अभिनंदन!" त्यामागून हार, फुगे, केक. मग "वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा, साहेब." आणि एका ज्येष्ठ व्यापाऱ्याने पोस्ट न उघडताच लिहिले, "भावपूर्ण श्रद्धांजली."

साहेब घाबरले. "मी डिलीट केलं की!"

शब्बीरने त्यांचा मोबाइल पाहिला. "साहेब, तुमी फक्त तुमच्यापुरतं डिलीट केलंय. तुमी सोडून सगळ्यांला दिसतंय!"

त्याने तत्काळ ती किल्ली रद्द केली. तेवढ्या वेळात कोणी तिच्यावर काही चालवले तर नाही ना, हे तपासेपर्यंत साहेबांनी गार पाण्याचा तांब्या रिकामा केला. कोणीही काही चालवले नव्हते. आम्ही सगळे खुर्च्यांत मागे रेललो.

इतक्यात खालचे चादरीवाले जिना चढून वर आले आणि तक्रारीच्या स्वरात म्हणाले, "बिराजदार, पासवर्ड टाकून बघितला. तुमचं वायफाय काय लागंना की!"

* * *

त्या रद्द झालेल्या मंगळवेढ्याच्या जागी नवी किल्ली आली. पुढे शब्बीर एका लग्नाला गेला असताना अक्कलकोट बदलण्याची पाळी आली. साहेब म्हणाले, "त्यात काय? मी करतो." आणि त्यांनी प्रथम जुनी रद्द केली. उरलेल्या तिन्हींची त्या दिवसाची मर्यादा आधीच संपलेली होती. काम अर्ध्यावर थांबले.

नवी किल्ली घेण्यास ओटीपी हवा. ओटीपी येणार साहेबांच्या दुसऱ्या मोबाइलवर. तो मोबाइल वहिनींच्या पर्समध्ये आणि वहिनी माहेरी! साहेबांनी फोन लावला.

"अगं, आत्ता एक नंबर आला असंल बघ. तेवढा सांग."

"कोण बोलतंय?"

"अगं, मी!"

"आवाज कुणाचा बी काढता येतो म्हणं आता. ओटीपी कुणाला सांगायचा न्हाय, टीव्हीवर रोज सांगत्यात. तुमी तेच असाल, तर आपल्या लग्नात जेवायला गोड काय होतं सांगा!"

साहेब आमच्याकडे पाहू लागले. आम्ही काय सांगणार! शेवटी धीर करून ते म्हणाले, "जिलबी."

फोन कट.

विजयालक्ष्मीबाई हळूच म्हणाल्या, "तुमच्यात लग्नाला गव्हाच्या खिरीची हुग्गी करत्यात न्हवं, साहेब?" साहेबांनी पुन्हा फोन लावला आणि कोणी काही विचारण्याआधीच ओरडले, "हुग्गी! हुग्गी!" पलीकडून आधी कानडीत यथेच्छ समाचार आणि मग ओटीपी मिळाला. काम सुरू झाले.

घाम पुसत साहेब म्हणाले, "नवी हातात यायच्या आधी जुनी टाकली, हे चुकलंच माझं."

बाई संगणकावरून नजर न हलवता उत्तरल्या, "पाणी येणार म्हणून आदल्या दिवशी हौद उपसून धुऊन ठेवायचा न्हाय, साहेब. सोलापुरात राहता न्हवं?"

* * *

आता खंडेनवमीचे सांगतो आणि थांबतो.

आमच्या गावात त्या दिवशी माग पुजतात. पूजा झाली की दसऱ्याची पूजा होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. साहेब हा रिवाज कार्यालयातही पाळतात. कायम माणसांचे प्रत्येकाचे एक हत्यार पाटावर मांडले जाते: शब्बीरचा कीबोर्ड, माझी तांबडी लेखणी, साहेबांचे शिक्के. संगणकांना हार. त्या वर्षी चार किल्ल्यांच्या नावाने चार सुपाऱ्याही मांडल्या. हळदकुंकू वाहिले, नारळ फोडला.

तेलुगूचे ते पहिले काम, म्हणजे एका नेत्रशिबिरासाठी शस्त्रक्रियेनंतरच्या काळजीचे मराठी-तेलुगू पत्रक, आदल्या दिवशीच पुरे झाले होते. बाई प्रसाद घेऊन घरी निघणार, तोच शिबिराच्या डॉक्टरांचा फोन आला. डोळ्यांत घालायचे औषध बदलले आहे. सूचना सगळ्या बदलतील. पत्रक आज संध्याकाळी छापखान्यात गेले नाही, तर ते दुसरीकडून करून घेतील.

साहेबांचा चेहरा उतरला. "पूजलेल्या हत्याराला आज हात लावता येत न्हाय, बाई. काय बी झालं तरी."

प्रसादाची पुडी बाईंच्या मुठीत चुरगळली.

शब्बीरने पाटाकडे पाहिले. "साहेब, सुपाऱ्या चार हायत. मी पाचवी किल्ली काढली तर? तिची कुठं पूजा झाली?"

"आन् चालवणार कशावर? सगळ्या कॉम्प्युटरला हार घातल्यात की."

बाईंनी कापडी पिशवीतून आपला जुना लॅपटॉप काढून टेबलावर ठेवला. "माझं कुठं काय पाटावर हाय, साहेब?"

साहेब माझ्याकडे वळले. "काका, तुमी लई वाचलंय. चालतं का हे?"

मी विचारपूर्वक म्हणालो, "पूजलेल्या आयुधास विश्रांती द्यावी, असे आहे. न पूजलेल्यास द्यावी, असे माझ्या वाचनात नाही."

साहेबांनी ओटीपी सांगितला आणि बाईंच्याच लॅपटॉपवर पाचवी किल्ली काढली गेली. शब्बीर आज्ञा सांगत होता, बाई टाइप करीत होत्या. मसुदा उतरला. बाईंनी तेलुगूची ओळन्ओळ स्वतः तपासली. "एक थेंब" आणि "एकेक थेंब" यांवर तर फोन करून डॉक्टरांकडून खात्री करून घेतली. माझी लेखणी कुंकवात असल्यामुळे मराठीतल्या चुका मी पडद्यावर बोटाने दाखवल्या.

शेवटचे पान चालू असताना साहेब पाटापाशी गेले आणि हळदकुंकवाचे ताट घेऊन बाईंच्या मागे येऊन उभे राहिले.

"साहेब, आत्ता नको!" शब्बीर ओरडला. "गाडी अजून स्टँडवरच हाय!"

साहेब ताट धरून तसेच थांबले. पत्रक गेले. थोड्या वेळाने डॉक्टरांचा फोन आला: मिळाले, दोन्ही भाषा ठीक, छापायला दिले. बाईंनी चुरगळलेली प्रसादाची पुडी उलगडली आणि प्रसाद तोंडात टाकला.

साहेबांनी त्यांचा लॅपटॉप मिटला. दोन्ही हातांनी उचलला. पाटावर शब्बीरचा कीबोर्ड थोडा सरकवला, माझी लेखणी थोडी सरकवली आणि मधल्या जागेत तो ठेवून त्याला हळदकुंकू लावले.

"विजयालक्ष्मीबाई," ते म्हणाले, "आता उद्यापातुर ह्याला हात लावायचा न्हाय. समजलं?"

"व्हय, साहेब."