बंद कोअरची मोजणी

वर्तमानपत्राच्या डेस्कवर एक सवय लागते — दोन ठिकाणांहून खात्री झाल्याशिवाय मजकूर पानावर जात नाही. भुताखेताच्या बातम्या मी कायम टोपलीत टाकल्या. पुढचं मात्र स्वतः पाहिलंय. दुसरी साक्षीदार माझी बहीण.

लातूर. रेल्वेनं पाणी आलं, तो उन्हाळा. आमचे वडील, अप्पा, अर्धांगवायूनंतर घरीच पडून होते. डोळे मिटलेले, वाचा गेलेली, अन्न नाकातल्या नळीनं. डॉक्टरांच्या मते त्यांना आता काही कळत नव्हतं. नळी बदलायला आली होती. ती बदलायची की तशीच काढून टाकायची, हे घरच्यांनी ठरवावं, असं ते म्हणाले. ती बदलू नये, या मताचा मी होतो.

धाकटी महानंदा पुण्याहून येऊन अप्पांच्याच खोलीत काम करायची. ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, कर्नलमध्ये, प्रोसेसरनं किती काम केलं हे मोजणारे काउंटर असतात. त्या भागात लोक जे बदल सुचवतात, ते ही तपासते. त्यांच्यात रिवाज असा, की स्वतःच्या मशीनवर चालवून पाहिल्याशिवाय मंजुरीखाली नाव टाकायचं नाही. तेव्हा आलेला बदल साधा होता: प्रोसेसरचा जो कोअर, म्हणजे स्वतंत्रपणे काम करणारा भाग, बंद केलाय, त्याचा काउंटर वाचूच नका, शून्य धरा.

तो बदल घालण्याआधी तिनं एक कोअर बंद करून पाहिला. आकडा शून्य. मग उठून अप्पांचं तोंड पुसताना ती सहज म्हणाली, उदगीर आता जिल्हा होणार म्हणतात. अप्पा मूळचे उदगीरचे. परत येऊन पाहते तर आकडा चढलेला... तिनं मला हाक मारली.

"दादा, बंद कोअर मोजून राहिलाय."

"तापलं असंल. इथं माणसं तापून राहिलीत, त्याचं काय."

"मग तू बोल अप्पांशी."

मी अप्पांना तुरीचे भाव सांगितले. आकडा चढला. गप्प झालो, थांबला. मशीन बाहेरच्या खोलीत नेऊन तेच भाव म्हटले — काही नाही.

नळी बदलली. आता मी विरोध केला नाही.

पुण्यातल्या सहकाऱ्यांच्या मशीनवर शून्यच येत होतं. लातूरच्या कोअरला तहान लागली का, असंही एकानं विचारून घेतलं. महानंदानं मंजुरी अडवून धरली ती धरलीच.

मग एका सकाळी मी अप्पांना पेपर वाचून दाखवत होतो आणि आकडा हलेना. तिनं मशीन पुन्हा सुरू करून पाहिलं. शून्य. अप्पांचा श्वास चालू होता, हात कोमट होता.

"राहू दे दादा," ती म्हणाली. "अप्पा गेले."

खुर्चीत बसून तिनं त्या बदलाखाली आपलं नाव टाकलं आणि मशीन बंद केलं.

श्वास दुपार कलेपर्यंत चालला. तोवर मी वाचत राहिलो — बाजारभाव, टँकरच्या पाळ्या, निधनवार्ता. तो आकडा का चढायचा, हे तिला सापडलेलं नाही, मलाही नाही. त्या दुपारी मी कुणाला वाचून दाखवत होतो, हेही मला आजवर ठरवता आलेलं नाही.