पहिली बादली

रस्त्यात लिंबू-मिरची पायाखाली आली तर चप्पल झटकून पुढं जाणारा माणूस मी. भूत, आत्मा, पितर... कुणी विषय काढला की मी पेपर उघडून बसायचो. त्यामुळं हे इथं लिहिताना थोडी लाजच वाटते आहे. पण सांगायला घरात कुणी नाही, आणि मनात ठेवणं आता जमत नाही.

आम्ही पिढ्यान्‌पिढ्या म्हैसूरचे. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड. तिथल्या विजयनगर भागात वडिलांनी बांधलेलं बैठं घर आहे, वर गच्ची, गच्चीवर सोलरची टाकी. टाकीतून निघालेला पाइप घराला वळसा घालून मागच्या बाजूनं बाथरूममध्ये उतरतो. रात्रभर त्या पाइपमध्ये अडकलेलं पाणी गार होतं. म्हणून सकाळी नळ सोडला की आधी बादलीभर गार पाणी येतं, आणि मग गरम. ज्यांच्याकडे सोलर आहे त्यांना हे सांगायला नको. त्या पहिल्या बादलीचं पाणी कुणी झाडांना घालतं, कुणी धुणं भिजवतं.

घरात मी आणि अक्का, दोघंच. अक्का म्हणजे माझी मोठी बहीण. दोघांचीही लग्नं राहिली... कारणं लिहीत बसत नाही. आंघोळ झाल्याशिवाय अक्का स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडत नसे, ही आईची शिस्त. त्यामुळं पहिली आंघोळ तिची. मी उठेपर्यंत उप्पीट तयार असायचं, आणि मी नळ सोडला की लगेच गरम पाणी.

आषाढात अक्का गेली. हृदय, डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून पहिली बादली माझ्या वाट्याला आली. ती मी जास्वंदीला घालायचो आणि मग गरम पाण्यानं आंघोळ करायचो.

दसरा होऊन गेला. दिवसा कडक ऊन, पहाटे अंगावर शाल लागावी असा गारवा. अशाच एका सकाळी नळ सोडला आणि हात भाजला. पहिल्या धारेलाच गरम! आधी काहीच वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मात्र मी बादली तशीच ठेवून नळाकडे बघत बसलो.

गळती. दुसरं काय असणार? गरम पाण्याच्या लाइनला कुठंतरी गळती असेल तर पाणी रात्रभर वाहत राहतं आणि पाइप गार होत नाही. मी बोगादीला राहणाऱ्या सुरेशला फोन केला. सुरेश माझा चुलतभाऊ. नळ, फ्यूज, मिक्सर सगळं स्वतःच उघडून बसतो, आणि निम्म्या वेळा त्याला ते परत जोडताही येतं.

"दादा, घरात फुकट गरम पाणी येतंय आणि तू रडतोयस?" तो म्हणाला. "आमच्याकडे ये की. बायको रोज ती गार बादली माझ्यासाठीच भरून ठेवते."

"चेष्टा नको रे. भिंतीत पाणी मुरत असेल तर?"

"होय की. येतो. कॉफी मात्र तू करायची नाहीस. अक्काची सर नाही तुझ्या हाताला."

रविवारी संध्याकाळी तो पाना घेऊन आला. गच्चीपासून बाथरूमपर्यंत एकेक सांधा आम्ही जुन्या धोतराच्या फडक्यानं कोरडा केला, आणि प्रत्येक सांध्याखाली पेपर बांधला. गळती असेल तर सकाळी कागद ओला मिळणारच. शेवटी सुरेशनं टाकीपाशी असलेला व्हॉल्व्ह बंद केला. म्हणजे रात्रभर वरून गरम पाण्याचा एक थेंबही खाली येणार नव्हता.

सकाळी तो वॉकला निघाला तो थेट आमच्याकडे. पेपर सगळे कोरडे, हातात कुरकुरणारे. तो गच्चीवर गेला, मी बाथरूममध्ये. फोन चालू ठेवला होता.

"व्हॉल्व्ह उघडला," तो म्हणाला. "वर पाइप बर्फासारखा आहे दादा. सोड नळ."

मी सोडला.

"काय आलं? गार ना?"

"गरम."

"सुम्ने, उगाच काहीतरी सांगू नकोस!"

धावत खाली आला. धारेखाली हात धरला आणि झटकन मागे घेतला. हात पुसत, माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "एअर-लॉक असेल, पाइपात हवा अडकली असेल. ही लाइनच काढून टाकू. उद्या प्लंबर घेऊन येतो."

"नको," मी म्हणालो. इतक्या घाईनं म्हणालो की तो माझ्याकडे बघतच राहिला.

गळती सापडली नाही याचा मला आनंद झाला होता. खरं सांगतो, आनंद. गळती असती तर या घरात मी एकटा होतो. गळती नाही, तर मग माझ्या आधी कुणीतरी पहिली बादली काढून घेत होतं.

आता सुरेशलाही न सांगितलेली गोष्ट.

अक्का गेली त्याच्या आदल्या वर्षी पावसाळ्यात आठवडाभर ऊन नव्हतं. टाकीत जेमतेम दोन बादल्या गरम पाणी. एकदा अंगाला साबण लावलेला असताना नळाला गार पाणी आलं, आणि मी आतूनच ओरडलो, "दिवसभर घरातच असतेस ना? सगळं गरम पाणी तूच संपवायचं का?"

"बरं रे," अक्का बाहेरून म्हणाली.

त्यानंतर मला पाणी कधी कमी पडलं नाही. त्या पावसाळ्यात नाही, पुढच्या थंडीतही नाही. का, ते मला ठाऊक होतं. माझी खोली बाथरूमला लागून. पहाटे बादली भरल्याचा आवाज यायचा, नळ बंद व्हायचा, आणि पहिल्या तांब्याला तिचा श्वास अडकायचा. ती पाइपमधल्या गार पाण्यानं आंघोळ करत होती. मग चुलीशी... गॅसशी, हात काखेत घालून उभी राहायची. एकदा मी विचारलं, "थंडी वाजते का ग?" म्हणाली, "वय झालं रे." मला ते उत्तर सोयीचं होतं. छोटा गीझर बसवणं म्हणजे अर्ध्या दिवसाचं काम. बसवला नाही. गार पाण्यानं ती गेली असं मी म्हणत नाही, डॉक्टरांनीही म्हटलं नाही. पण मी रोज ऐकत होतो आणि कूस बदलत होतो.

सुरेश गेल्यावर दिवसभर हेच डोक्यात. दुसऱ्या दिवशी मी नेहमीपेक्षा लवकर उठलो, बाथरूममध्ये अजून कुणाची चाहूल लागायच्या आत. नळ सोडला. गार पाणी आलं. बादली भरली आणि ते सगळं अंगावर घेतलं. पहिल्या तांब्याला श्वास अडकला. धारेखाली बोट धरून पाणी गरम झाल्याची खात्री केली, आणि नळ बंद केला. बाहेर येऊन दाराकडे तोंड करून मोठ्यानं म्हणालो, "अक्का, आता गरम आहे. तू घे."

स्वयंपाकघरात जाऊन कॉफी ठेवली. आवाज कसलाच आला नाही. कॉफी पिऊन परत गेलो. पायाखालची फरशी कोमट होती. आरशावर वाफ धरली होती.

मी गार पाण्यानं आंघोळ केली होती.

त्यानंतर पहिल्या धारेला गरम पाणी पुन्हा कधी आलं नाही. सुरेश म्हणतो, "बघ, एअर-लॉक सुटला." सुटला असेल. मग त्या रात्री व्हॉल्व्ह बंद असताना काय झालं, आणि आरशावरची वाफ कसली? तुमच्यापैकी कुणाला पाइपलाइनमधलं कळत असेल तर जरूर लिहा. पण मी बोलावलं म्हणून ती आली, की मी गरम पाणी तिच्यासाठी सोडलं म्हणून ती गेली, हे तुम्ही तरी कसं सांगणार?

पहिली बादली अजून मीच घेतो. आंघोळ झाली की नळ गरम होईपर्यंत सोडतो आणि बंद करतो. ते पाणी कुणी घेत नाही. पाइपमध्येच राहतं, आणि हळूहळू गार होतं.