शेवंतीताईंचे नऊ पांढरे

"मला साडी कॉम्प्युटरवर नेसवायचीय," शेवंतीताई म्हणाल्या. "ते तुमच्याकडे शिकवतात का?"

मुलुंडला पाच रस्त्याजवळ, एका मेडिकलच्या वर आमचा क्लास आहे. बारा कॉम्प्युटर आणि दोन एसी, त्यातला एक चालतो. फॅशनच्या क्षेत्रात जाणाऱ्या मुलांना मी तिथे सॉफ्टवेअर शिकवते. फोटो कापायचे, जोडायचे, रंग ठरवायचे आणि सगळं एका पानावर असं मांडायचं की शूटिंगच्या दिवशी मॉडेल कशी दिसणार हे क्लायंटला आधीच डोळ्यांनी दिसावं. या पानाला लुकबोर्ड म्हणतात. माझे विद्यार्थी एकोणीस-वीस वर्षांचे असतात. शेवंतीताई एक्केचाळीसच्या होत्या, हातात कापडी पिशवी, पिशवीच्या पट्ट्याला सात-आठ सेफ्टीपिना लटकवलेल्या. मी हसले. नंतर त्याची लाज वाटली, पण तेव्हा हसले हे खरं.

त्या मात्र शांतपणे खुर्ची ओढून बसल्या आणि त्यांनी मला सगळं समजावून सांगितलं.

शेवंती साळवे कांजूरमार्गला राहतात. घर मूळ परभणीकडचं, पण दोन पिढ्या मुंबईतच गेलेल्या. दहावीनंतर त्या ब्लाउज शिवायला शिकल्या, मग बरीच वर्षं साड्यांना फॉल-बीडिंग केलं, आणि गेली नऊ वर्षं अंधेरीत एका मोठ्या स्टायलिस्ट बाईंच्या ऑफिसात होत्या. बाईंना तिथे सगळे 'मोठ्या मॅडम' म्हणतात. शेवंतीताईंचं काम म्हणजे कपड्यांना वाफेची इस्त्री करणं, साडी नेसवणं, पिना लावणं आणि ऐनवेळी काही उसवलं तर शिवणं.

एकदा दागिन्यांच्या शूटची तयारी चालली होती. साडी गुलाबी ठरली होती. इस्त्री करता करता शेवंतीताई तिथल्या असिस्टंट मुलीला म्हणाल्या, "ही नको गं, हिच्यावर हिरवा खडा मरतो. राखाडी घे, जरा मळकट वाटेल अशी." मुलीने पानावर राखाडी साडी टाकली. क्लायंट खूश झाला. म्हणाला, हे कोणाला सुचलं? मुलगी म्हणाली, "टीमला."

"ती खोटं नाही बोलली," शेवंतीताई मला म्हणाल्या. "मी टीममध्येच आहे की. पण दुसऱ्या दिवशी इस्त्री करताना मनात आलं, मला सांगता येतं, करून दाखवताही येतं. फक्त करायच्या आधी दाखवता येत नाही. तेवढं शिकवा."

मी त्यांचं नाव लिहून घेतलं.

पहिले पंधरा दिवस वाईट गेले. माऊस त्या इस्त्रीसारखा धरायच्या, वरून दाब देऊन. बाण पडद्याच्या एका टोकाला जाऊन अडकायचा. शेजारी बसणारी श्रुतिका त्यांच्या निम्म्या वयाची. ती हळूच त्यांचं मनगट सैल करून द्यायची. "ताई, तो कुठे पळत नाहीये. सोडा जरा."

मग आम्ही पेन टूलवर आलो. फोटोतली एखादी वस्तू कापून काढायची, तर तिच्या कडेकडेने ठिपके देत जायचं. मुलांना याचा भयंकर कंटाळा. पदराची नक्षी आली की ती सरळ रेघ मारून मोकळी होतात. शेवंतीताईंनी दोन मिनिटं माझं बघितलं आणि म्हणाल्या, "म्हणजे टाचण्याच लावायच्यात ना! मग?" त्या दिवशी त्यांनी कापलेला पदर मी पूर्ण वर्गाला मोठा करून दाखवला. एकही धागा सुटला नव्हता.

आणि ज्या दिवशी त्यांना कळलं की चुकलेली गोष्ट दोन बटणं दाबून मागे घेता येते, त्या दिवशी त्या बराच वेळ तेवढंच करत बसल्या. काहीतरी बिघडवायचं, मागे घ्यायचं. बिघडवायचं, मागे घ्यायचं. "कापडाला ही सोय असती तर," त्या म्हणाल्या, "माझी निम्मी भांडणं वाचली असती." त्यानंतर त्यांची भीती गेली.

एका दुपारी वीज गेली. त्यांचं दोन तासांचं काम सेव्ह केलेलं नव्हतं, ते गेलं. "वाट लागली," एवढंच म्हणून त्या बाहेर पॅसेजमध्ये जाऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं आता काही परत येत नाहीत. वीज आल्यावर त्या आत आल्या, डोळे लाल होते, आणि खुर्चीवर बसत म्हणाल्या, "कुठून सुरुवात केली होती ते आठवतंय." पाऊण तासात सगळं पुन्हा उभं केलं. त्यानंतर त्या दर दोन मिनिटांनी सेव्ह करतात, तेही इतक्या जोरात की शेवटच्या रांगेत ऐकू जातं.

दुसऱ्या महिन्यात मी सगळ्यांना नवरीचा लुकबोर्ड करायला दिला. मुलांनी लाल, मरून, केशरी केले. कोणीतरी चित्रं बनवून देणाऱ्या ॲपवर शब्द टाकून नवऱ्या बनवत होतं. शेवंतीताईंनी श्रुतिकाला विचारलं, "त्यात पांढऱ्या साडीतली नवरी येते का बघ." श्रुतिकाने लिहिलं. ॲपने एक गोरी मुलगी दिली, पायघोळ गाऊन, डोक्यावर जाळीचा पडदा. पुन्हा लिहिलं, मराठी नवरी. या वेळी साडी आली, पण लाल.

"आमच्याकडे बौद्ध पद्धतीने लग्न होतं, नवरी पांढऱ्या साडीत असते," शेवंतीताई म्हणाल्या. "माझं लग्न तसंच झालं. माझ्या नणंदांची झाली. ह्याला ठाऊकच नाही?"

दुसऱ्या दिवशी त्या एक स्टीलचा डबा घेऊन आल्या. त्यात पांढऱ्या कापडाचे नऊ तुकडे होते. रेशीम, सुती, टसर, ऑरगॅन्झा, आणखी काय काय. मी त्यांना शिकवलं होतं की कॉम्प्युटरवर पांढऱ्याचा एक ठरलेला आकडा असतो. त्यांनी तो आकडा टाकला आणि पडद्याशेजारी एकेक तुकडा धरला.

"मॅडम, हा ट्यूबलाइटचा पांढरा आहे. हा बघा, दुधावरच्या सायीचा. हा शिजलेल्या भाताचा. हा नीळ घातलेला. ह्यांचे आकडे शोधून द्या."

मला ते पटकन जमेना. मग आम्ही दोघी खिडकीपाशी गेलो, प्रत्येक तुकड्याचा दिवसाच्या उजेडात फोटो काढला, कॉम्प्युटरवर घेतला आणि रंग जुळवत बसलो. मी दहा वर्षं शिकवतेय, पण नऊ पांढरे वेगवेगळे आहेत हे मला त्या दुपारी दिसलं.

याच सुमारास त्यांच्या शेजारच्या राधाचं लग्न ठरलं. राधा चेंबूरला बँकेत नोकरी करते. तिचं म्हणणं, "काकी, पांढऱ्यात मी आजारी दिसते. मला गुलाबी लेहेंगा पाहिजे." तिचे आजोबा, भाऊराव, यांचं म्हणणं, आपल्या घरातली नवरी पांढऱ्यातच उभी राहील. आठवडाभर दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. राधाची आई शेवंतीताईंकडे येऊन रडून गेली.

शेवंतीताई राधाला म्हणाल्या, "मेकअप न करता, सकाळच्या उजेडात एक फोटो काढ आणि पाठव. बाकी माझ्यावर सोड." त्यांनी सहा बोर्ड केले. पाच पांढऱ्या साड्यांचे आणि एक गुलाबी लेहेंग्याचा. लेहेंग्याचाही त्यांनी मन लावून केला, मी बघत होते. मी म्हटलं, "तो जरा वाईट करायचा ना." त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मग तिला निवड कसली राहिली?"

रविवारी शेवंतीताईंचा लॅपटॉप राधाच्या घरी गेला. त्यांचे यजमान नंदकुमार लिफ्ट दुरुस्तीचं काम करतात. लॅपटॉप हातात धरून ते पुढे आणि शेवंतीताई मागे, अशी वरात निघाली म्हणे. राधाने आधी लेहेंगा बघितला. बराच वेळ बघितला. मग म्हणाली, "ह्यात मी दुसऱ्याच कोणाच्या लग्नाला आल्यासारखी दिसतेय." मग ती पांढऱ्यांकडे वळली आणि तिसऱ्यावर थांबली. सायीचा पांढरा, बारीक जरीचा काठ आणि गडद निळा ब्लाउज. "काकी, हा चेहरा माझाच आहे ना? मी अशी दिसते?"

भाऊरावांनी चष्मा लावला आणि पहिला बोर्ड, मग तिसरा, मग पुन्हा पहिला बघितला. "हा पांढरा आणि हा पांढरा वेगळा आहे?"

"आहे ना, आजोबा," राधा म्हणाली.

"साठ वर्षं मी पांढरे शर्ट घालतोय," ते म्हणाले, "मला कोणी सांगितलं नाही." आणि राधा हसली. आठवडाभरातलं दोघांचं ते पहिलं बोलणं.

पण गोष्ट एवढ्यावर सरळ गेली नाही. ब्लाउजचं रेशीम शेवंतीताईंनी दुकानदाराला बोर्डाचा फोटो पाठवून मागवलं. आलं ते जांभळं. राधाच्या मोबाइलवर निळा, शेवंतीताईंच्या लॅपटॉपवर गडद निळा, दुकानदाराच्या मोबाइलवर काय दिसलं देव जाणे. लग्नाला बारा दिवस होते. राधा रडवेली झाली. शेवंतीताई क्लासला आल्या आणि कॉम्प्युटर चालूच केला नाही.

"मी आयुष्यभर कापड दाराशी उजेडात नेऊन बघितलं," त्या म्हणाल्या, "आणि हे यंत्र आल्यावर न्यायला विसरले. चूक त्याची नाही."

दुसऱ्या दिवशी त्या राधाची साडी पिशवीत घालून घाटकोपरला गेल्या. एकेका दुकानातून निळं कापड दाराशी आणायचं, साडीवर टाकायचं, परत द्यायचं. अकराव्या दुकानात सापडलं. ब्लाउज त्यांनी स्वतः शिवला. तेव्हापासून त्यांची एक पद्धत झाली. बोर्ड छापायचा आणि प्रत्येक रंगाशेजारी खऱ्या कापडाचा तुकडा स्टेपल करायचा. आता मी माझ्या सगळ्या मुलांना तसंच करायला लावते.

लग्नाला मी गेले होते. घाटकोपरच्या हॉलमध्ये बुद्धवंदना चालू होती, राधा हात जोडून उभी होती आणि तिच्या मागे दोन पावलांवर शेवंतीताई, तोंडात एक पिन धरून, कधी पदर घसरतोय याची वाट बघत. पदर घसरला नाही. भाऊराव येईल त्या पाहुण्याला सांगत होते, "हा सायीचा पांढरा आहे."

कोर्स संपला तेव्हा त्यांच्या फाइलमध्ये अकरा बोर्ड होते आणि पहिलं पान राधाचं. ती फाइल त्यांनी अंधेरीला मोठ्या मॅडमसमोर ठेवली. मॅडमनी पानं उलटली.

"हे कोणाकडून करून घेतलंस?"

"मी केलंय."

"अगं, पण कॉम्प्युटरवर कोणी केलं?"

शेवंतीताईंनी तिथलाच लॅपटॉप ओढला, समोरच्या रॅकवरच्या साडीचा फोटो काढला, तो आत घेतला आणि पदर कापायला लागल्या. ठिपका, ठिपका, ठिपका. मोठ्या मॅडम उठून त्यांच्या मागे येऊन उभ्या राहिल्या. काम पूर्ण होईपर्यंत त्या बसल्या नाहीत. मग म्हणाल्या, "नऊ वर्षं इथे आहेस, बोलली का नाहीस?"

"तेव्हा येत नव्हतं ना, मॅडम."

महिन्याभरात त्यांना एका साडीवाल्याच्या कॅटलॉगचं काम मिळालं. बारा लुक. क्लायंटसमोर त्यांनी स्वतः मांडले. आधी त्यांनी कापडाचा तुकडा क्लायंटच्या हातात दिला आणि तिथून बोलणं सुरू झालं. क्लायंटने चार लुक नाकारले. हे सांगायला त्यांनी मला फोन केला तेव्हा मी हळहळले.

"अहो, तुम्हाला कळलं नाही," त्या म्हणाल्या. "का आवडले नाहीत ते त्याने मला सांगितलं. मला! माझ्याकडे बघून."

आता त्या असिस्टंट स्टायलिस्ट आहेत. इस्त्री अजूनही स्वतःच करतात, कारण दुसऱ्या कोणाची त्यांना पसंत पडत नाही. शनिवारी वेळ असला की क्लासला येऊन मुलांना डोळे मिटून कापड ओळखायला लावतात, आणि चुकलं की श्रुतिकाच्या टपलीत मारतात.

गेल्या आठवड्यात सॉफ्टवेअरची नवीन आवृत्ती आली आणि सगळी बटणं इकडची तिकडे झाली. त्यांचा फोन आला, सावलीचं बटण कुठे गेलं म्हणून. मलाही माहीत नव्हतं. म्हटलं, बघून सांगते. मी अजून शोधत होते तेवढ्यात त्यांचा मेसेज आला, "मॅडम, सापडलं. उजवीकडे, तिसऱ्या खणात. तुम्ही पण बघून ठेवा, मुलं विचारतील."