सासूबाईंनी नर्सबाईंना विचारलं

माझी थोरली दहा महिन्यांची असतानाच मला पुन्हा दिवस गेले. ती अजून अंगावर पीत होती. पितं लेकरू असलं की दिवस राहत नाहीत, असं आमच्या समुद्रपूरकडच्या गावात सगळ्याच बाया सांगायच्या, आणि मीही तेच धरून चालले होते. मुलगा झाला तेव्हा मी वीस वर्षांची होते. पोरगं अगदी मूठभर. मला उठून बसायचं त्राण नव्हतं. थोरली खाटेजवळ येऊन माझा पदर ओढायची, आणि तिला दूर करताना मलाच रडू यायचं.

आठव्या दिवशी समुद्रपूरच्या दवाखान्यातल्या नर्सबाई आल्या. त्यांनी मुलाला तपासलं, मग माझ्या पापण्या खाली ओढून पाहिल्या.

"रक्त फार कमी आहे. आता तीन वर्षं तरी पुढचं मूल नको," त्या म्हणाल्या.

मी मान खाली घातली. ते काय माझ्या हातात होतं?

सासूबाई माझ्या शेकासाठी शेगडीत निखारे सारत होत्या. त्यांचा मला धाक होता. वाटलं, आता नर्सबाईंना काहीतरी बोलतील. पण त्यांनी चिमटा खाली ठेवला.

"बाई, तसं आपल्या हाती काई असते का?"

"असतं."

"मंग सांगा हिले. मले कोणी सांगतलं नाई. माह्ये नऊ झाले, चार हायत. शेवटी शेवटी तं लेकरू हाती देलं तरी त्याच्याकडं पाहावं वाटे नाई."

लग्न होऊन मला तीन वर्षं झाली होती. गेलेल्या पाच लेकरांबद्दल त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होते.

नर्सबाईंनी समजावलं. पाजल्यानं थोडा उशीर होतो, पण त्याचा भरवसा नाही. पाळी परत यायच्या आधीही दिवस राहू शकतात. दवाखान्यात साधनं मिळतात. "पण नवऱ्यानंही ऐकायला हवं. वापरायचं त्यालाच आहे."

इथंच सगळं अडणार, असं मला वाटलं. सासूबाई दाराशी गेल्या आणि त्यांनी ह्यांना गोठ्यातून बोलावलं. "बाई काय सांगून राह्यल्या ते आयक," एवढंच म्हणून थोरलीला कडेवर घेतलं नि बाहेर निघून गेल्या.

हे भिंतीकडे तोंड करून बसले, तळहातावरची वाळलेली माती खरवडत. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी एकच विचारलं, "हिच्या जिवाले धोका हाय का?"

"पुढच्या वर्षी पुन्हा बाळंतपण आलं, तर आहे."

बाजाराच्या दिवशी ते समुद्रपूरला जाऊन आले. कागदात गुंडाळलेली एक पुडी माझ्या उशाच्या फळीवर ठेवली. माझ्याकडे न पाहता मुलाला उचललं, आणि म्हणाले, "तू फक्त लवकर बरी हो."

पुढची काही वर्षं मला दिवस गेले नाहीत, तेव्हा शेजारणी टोचून बोलायच्या. "सुनेची कूस बसली का वो?" त्यांना सासूबाईच उत्तर द्यायच्या, "बसली नाई, बसवली."

तिसरी मुलगी पाच वर्षांनी झाली, चांगली गुटगुटीत. त्या खेपेला माझ्या अंगात एवढी ताकद होती की दहाव्या दिवशीच मी चुलीशी जाऊन भाकर थापायला बसले. सासूबाईंनी माझ्या हातातला गोळा काढून घेतला.

"सव्वा महिना तं बस ना वो माय," त्या म्हणाल्या, आणि भाकर स्वतः थापू लागल्या.