झोपेचा सौदा

सौद्यात मला चीत करणारा एकच माणूस आयुष्यात भेटला, आणि तेव्हा त्याला दात आलेले नव्हते. तो माझा मुलगा.

मी देवळाली प्रवरेचा बैलांचा व्यापारी. कारखान्यावर ऊस वाहणाऱ्या गाडीवानांना बैल पुरवायचे, हा माझा धंदा. तो काही बापाने दिला नाही, बापाने फक्त चापट्या दिल्या. दुसऱ्यांच्या बैलांचे कासरे धरता धरता मी दात बघायला शिकलो, खूर बघायला शिकलो, आणि मालक जनावराची खोड लपवायला लागला की त्याच्या मानेवर घाम कुठे येतो तेही शिकलो.

मोठा दुष्काळ पडायच्या आदल्या वर्षी माझी बायको शेवंता भिंगारला माहेरी बाळंत झाली आणि काही महिन्यांनी पोराला घेऊन घरी आली. पोरगं गुटगुटीत, रंगाने उजळ, अंगात जोर. खोड मात्र कुणी सांगितली नाही. ती अशी, की खाली ठेवलं की उठायचं. भिंगारच्या त्या घरात बायकांचा सुकाळ. आजी, माम्या, मावश्या, शेजारणी. पोरगं एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर फिरलेलं, त्याच्या पाठीला जमीन माहीतच नव्हती. सासूबाई भेटायला आल्या तेव्हा मी विषय काढला.

"मामी, हे आधी सांगायला पाहिजे होतं."

"काय सांगायचं, जावईबापू? लेकरू हाय, बैल न्हाई."

"बैलाचं सांगतात, मामी. चारचौघांत सांगतात."

"मग माघारी न्हेऊ का?" असं म्हणून त्या पदराआड हसल्या. त्या हसण्याचा राग अजून माझ्या पोटात आहे.

मग आमचं सुरू झालं. पाय लांब करून पोराला पायांवर घ्यायचं, हलवायचं, गाणं म्हणायचं. (मला गाणं येत नाही. मी बाजारातले भाव चालीवर म्हणायचो.) डोळे मिटले की पाळण्याकडे निघायचं, चोराच्या पावलाने. पाठ टेकली रे टेकली, की डोळे टक्क उघडे.

"हळू ठेवा की," शेवंता कुजबुजायची.

"हळूच ठेवतोय."

"श्वास घेताय तुमी. त्योच ऐकू येतोय त्याला."

शेवंता एकदा भाकरी थापता थापता परातीत डोकं टेकून झोपली. कपाळाला पीठ लावून दिवसभर घरात वावरली, आणि मला ते दिवेलागणीपर्यंत दिसलं नाही. माझ्यासारख्या पारखी माणसाला!

पोराच्या जवळ बोलायची सोय नव्हती. तेव्हा आता कुणी उठायचं हे ठरवायला मी शेवंताला बाजाराची रीत शिकवली. बैलबाजारात भाव तोंडाने सांगत नाहीत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि खालून एकमेकांची बोटं दाबायची. जितकी बोटं, तितके शेकडे. पटलं नाही तर आपण कमी बोटं दाबायची. पटलं तर हात सैल सोडायचा. हात सुटला की शब्द दिला. आमच्या घरी रुमालाच्या जागी गोधडी, आणि शेकड्यांच्या जागी उठायच्या पाळ्या. माझा अंदाज असा, की बायको नवी आहे, दोन दिवसांत लुटीन. ती पहिल्याच दिवशी माझी पाचही बोटं मुठीत आवळून बसली, म्हणजे पाचही पाळ्या माझ्याच, आणि मी हात सैल सोडेपर्यंत हलली नाही. मग रोज तेच. शेवटी शेवटी तर तिची मूठ लागली की माझा हात आपोआप सैल पडायचा.

आता बाजाराच्या दिवसाचं सांगतो. शेवगावकडचा एक म्हातारा एक धिप्पाड बैल घेऊन आला होता. रुमाल टाकला. म्हाताऱ्याचा हात उबदार होता, ऊन मऊ होतं, आणि मी आठवडाभर झोपलो नव्हतो. पुढचं मला ठाऊक नाही. डोळे उघडले तेव्हा रुमाल बाजूला, म्हातारा उभा, आणि भोवती माणसं.

"शेठ, मंजूर ना मग?"

"कसलं मंजूर? मी झोपलो होतो."

"त्ये माझ्या हाताला कसं कळावं? पाची बोटं दाबली, तुमी हात सोडला. वर तोंडानं बोलला की."

"काय बोललो?"

"'बरं बाई, उठतो मीच.'"

बाजारात एवढा हशा मी कधी ऐकला नव्हता. सौदा मोडला असता तर पुन्हा कुणी माझ्या हातात हात दिला नसता. मी पैसे मोजले.

बैल घरापर्यंत राजासारखा चालत आला. अंगणात मी त्याला गाडीला जोडून बघितलं, आणि जू मानेला लागताच तो खाली बसला. बसका बैल! हाकलला, उठला नाही. पाणी मारलं, उठला नाही. आरडाओरडा ऐकून शेवंता पोराला पाळण्यात टाकून धावत आली.

"ह्ये काय आणलंत?"

"बैल."

"मग उठवा की त्याला."

मी शेपूट पिरगाळली, तिने शिंगं धरली. आत पोराने टाहो फोडला.

"जा, घे त्याला."

"मी शिंगं सोडली तर ह्यो तुमच्याकडं वळंल. सोडू का?"

"नको सोडू."

पोरगं रडत होतं, बैल डोळे मिटत होता, आम्ही दोघं घामाघूम. आणि एकाएकी आतला आवाज बंद झाला. आम्ही बैल टाकून आत पळालो. पोरगं पाळण्यात पाठीवर गाढ झोपलेलं, मुठी उघड्या.

"कुणी निजवलं?" शेवंताने विचारलं.

"कुणीच नाही."

"म्हंजे आपणच त्याला झोपू देत न्हवतो, व्हय?" एवढं बोलून ती पाळण्याखाली जमिनीवर आडवी झाली आणि तिथेच झोपली.

मीही झोपायला हवं होतं. पण न मागता मिळालेल्या मालाकडे मी कधी सरळ नजरेने बघितलेलं नाही. इतका शांत का? श्वास चालू आहे ना? मी वाकलो, कान नाकाशी नेला. माझ्या मिशा त्याच्या गालाला लागल्या.

त्याने डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं, आणि गाव गोळा केला.

शेवंता डोळे न उघडताच म्हणाली, "ज्यानं उठवलं त्यानंच निजवावं."

दिवस मावळेपर्यंत मी पोराला पायांवर घेऊन बसलो होतो. पुढच्या दिवसांत ते आपलं आपण झोपायला शिकलं, पण मी बाजाराला बाहेरगावी असेन तेव्हाच. मी घरी असलो की तपासायला जायचो. शेवटी शेवंताने सासूबाईंना विचारून निर्णय घेतला (मला विचारून नाही), आणि पोराला वळण लागेपर्यंत माझं अंथरूण गोठ्यात, त्या बैलाशेजारी टाकलं.

पहिल्याच सकाळी शेवंता वैरण घेऊन आली तेव्हा बैल केव्हाचा उठून उभा होता, आणि मला जागं करायला तिला बादलीभर पाणी ओतावं लागलं. त्या बैलाला बसका म्हणणं मी त्या दिवशी सोडलं.