बोट उचललं की पान गेलं

दादरला एका दुकानाच्या पोटमाळ्यावर रविवारी आमच्या पत्त्यांच्या स्पर्धा होतात. हे पत्ते राजा-राणी-गुलामाचे नव्हेत. राक्षस, योद्धे, ढाली, मंत्र, आणि प्रत्येकाने आपला जुडगा घरून जुळवून आणायचा. बँकेत नोकरी करणारी चाळिशीतली बाई तिथे काय करते, असं विचारणाऱ्यांना मी उत्तर देत नाही. मला या नादाला लावलं घोडपदेवच्या आमच्या चाळीतल्या शेजारच्या दादाने. माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. लहानपणी गॅलरीत चटईवर पाच-तीन-दोन शिकवलं तेही त्यानेच, आणि त्याबरोबर चाळीचा कायदा: बोट उचललं की पान गेलं. पानावर बोट आहे तोवर ते परत घेता येतं.

त्या रविवारी अंतिम सामन्यात आम्ही दोघंच समोरासमोर आलो. जिंकणाऱ्याला बंगळुरूच्या मोठ्या स्पर्धेत जागा होती. दादा याआधी तीनदा या टप्प्यावर हरला होता. या वेळी त्याने ऑफिसात रजाही टाकून ठेवली होती.

शेवटच्या डावात त्याच्यापुढे खरोखर अवघड पेच होता. हातात दोन पानं, खेळायचं एकच. राक्षस टाकला तर मी तिथेच संपले असते, पण माझ्याकडे तो उलटवणारा मंत्र नसेल तरच. ढाल लावली तर दादा सुरक्षित, पण मला आणखी एक खेळी मिळणार. मागच्या दोन खेळ्यांत मी काहीच टाकलं नव्हतं. म्हणजे एकतर माझा हात रिकामा होता, नाहीतर मी काहीतरी दाबून बसले होते. मी दाबून बसले होते.

त्याने राक्षस टेबलावर ठेवला. बोट पानावरच. माझ्याकडे पाहिलं, माझ्या गप्प खेळ्या त्याला आठवल्या असाव्यात, आणि पान हळूच मागे ओढलं. "थांब गो, ढाल लावतंय मी," म्हणाला.

त्याने अचूक ओळखलं होतं.

शेजारी उभ्या पंचाने हात आडवा घातला. दुकानाच्या नियमात टेबलाला लागलेलं पान खेळलेलं धरतात. समोरच्याची हरकत नसेल तरच ते परत घेता येतं. "ताई, तुमची काही हरकत?" पंचाने विचारलं. 'नाही' एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणाले, "नियम काय असेल तो."

हे वाक्य मी बँकेच्या काउंटरवर रोज वापरते. सही जुळत नाही म्हणून म्हातारी माणसं हात जोडतात तेव्हा वापरते. त्यात हो नसतं, नाही नसतं, आपले हात स्वच्छ राहतात. आज ते आठवलं तरी मला माझी शिसारी येते.

राक्षस खेळला गेला. मी मंत्र टाकला, राक्षस दादावरच उलटला, आणि मी जिंकले.

मग खाली हॉटेलात मिसळ. आमच्या कंपूला सामन्याची चिरफाड केल्याशिवाय घास उतरत नाही. अंतिम सामन्याजवळ कुणाला उभं करत नाहीत, त्यामुळे यांनी फक्त शेवटची मांडणी पाहिली होती.

"दादाने घाई केली."

"ती दोन खेळ्या गप्प होती, एवढंही दिसू नये?"

"हाव नडली यार, दुसरं काय."

एकाने तर कागदी रुमालावर आकृती काढून ढालच कशी बरोबर होती ते पटवून दिलं. दादा पाव मोडत ऐकून घेत होता. ज्या चुकीवर ते सगळे अक्कल पाजळत होते ती त्याने केलीच नव्हती, आणि हे त्या हॉटेलात आम्हा दोघांनाच माहीत होतं. मग कुणीतरी मला विचारलं, तू काय विचार केला होतास? आणि मी सांगितलं. चांगलं तपशीलवार सांगितलं, गप्प राहून मी त्याला कसं भुलवलं ते. पुढ्यातली मिसळ निवून गेली, तरी तोंड चालूच होतं. आपल्याच तोंडाचा इतका वीट मला कधी आला नव्हता.

बंगळुरूला गेले आणि पहिल्याच फेरीत हरून आले. दादा मात्र आपली पोरगी जिंकली म्हणून चाळभर सांगत फिरला. ते मला जास्त लागलं.

मागच्या आठवड्यात त्याच्या घरी पुन्हा पानं मांडली. नुसता सराव. त्याने पहिलं पान ठेवलं आणि लगेच बोट उचललं. दुसरं ठेवलं, उचललं. दर वेळी हात मागे नेऊन मांडीवर ठेवायचा, मला नीट दिसेल असा. मधेच त्याचं एक पान साफ चुकलं.

"दादा, घे परत," मी म्हणाले. "घरीच तर आहोत."

"नको गो," तो म्हणाला. "नियम काय असेल तो."